शेवटचा ‘का’

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. पण माझ्याशी रमी खेळायला याल तर पस्तावाल. माझ्यात ना बदाम, ना इस्पिक. माझ्यात प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी आहेत. शिवाय जादूगार, चंद्र, मनोरा अशी काही बडी मंडळीही आहेत. मला टॅरो म्हणतात. मला पाहून काही जण घाबरतात, काही खो-खो हसतात. माझी कुणाबद्दलच तक्रार नाही. माझं काम काय आणि काय नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मोठमोठ्या तावांवर मी छापला गेलो. मग पातं आलं, मला कापलं, कोपरे गोल केले आणि चकाकत्या खोक्यात घालून दुकानात पाठवलं. तिथून मला भविष्य सांगणाऱ्या एका गृहस्थांनी नेलं. त्यांच्याकडे लोक यायचे आणि विचारायचे, “खटला जिंकेन का?” “मुलगा परत येईल का?” गृहस्थ डोळे मिटून “हो” म्हणत. समोरचा फारच रडवेला असला तर जरा मोठ्याने “हो” म्हणत. मी मात्र खजील होऊन टेबलावर पडलेला असे. माझ्यावर चित्रं आहेत, डोळे नाहीत. मला उद्याचं काहीच दिसत नाही.

माझं खोकं फाटलं, तेव्हा गृहस्थ मला पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेले. लांबट खोली, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, म्हणजे दाब, आणि सगळीकडे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. बाईंनी मला निळ्या कापडाची पेटी करून दिली. ती बघून गृहस्थ म्हणाले, “मी आता धंदा बंद करतोय, मुलीकडे राहायला जातोय. एवढ्या सुंदर पेटीत हे माझ्याकडे शोभायचे नाहीत. तुम्हीच ठेवा.”

असा मी बाईंचा झालो. त्या मला कधी पत्ते म्हणाल्या नाहीत. “पानं” म्हणायच्या. हयात पानं सांधण्यात गेलेल्या माणसाला दुसरा शब्द कुठून सुचणार?

त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने एकदा आईला टेबलावर तीन पानं मांडताना पकडलं.

“आई, तू चक्क पत्त्यांना विचारतेस?”

“पत्त्यांना कशाला विचारू? मला विचारते. त्यांना फक्त मध्ये बसवलंय.”

बाईंची मांडणी तीन पानांची. डावीकडचं पान म्हणजे माझ्या हातात काय आहे. मधलं म्हणजे मला भीती कसली वाटते. उजवीकडचं म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचं. चित्रात जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं आणि आपण काय बोललो ते ऐकायचं, एवढंच. त्याआधी एक नियम होता. प्रश्नाच्या शेवटी आलेला ‘का’ उचलायचा आणि पुढे आणून ठेवायचा.

समोरच्या सलूनमधली ताई एकदा तणतणत आली. “बाई, मांडा तुमची पानं. नोकरी सोडू का?”

“‘का’ पुढे घे.”

“का सोडू नोकरी?” ताई थबकली. “मालकीण दिवसभर बोलते म्हणून.”

“मग नोकरी वाईट की मालकीण?”

“नोकरी कशाला वाईट असेल? केस कापायला मला आवडतं!” ताई माझ्याकडे बघून वैतागली. “हे काय, अजून एकही पान उलटलं नाही आणि माझं काम झालंसुद्धा!”

त्या वर्षी तिने स्वतःचं सलून थाटलं. पाटीवर माझं नाव लिहायला हवं होतं, पण असो.

मित्रांनो, ते दिवस मानाचे होते. माझे कोपरे मऊ झाले, माझ्या चंद्रावर खळीचा डाग पडला, पण मी रोज कुणाच्या तरी हातात असायचो. मुलगी पुढे दूरच्या शहरात गेली आणि ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवू लागली. मग बाई आजारी पडल्या. दुखणं डॉक्टरांना विचारायचं असतं, मला नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला पेटीत ठेवलं आणि वर पुठ्ठ्यांचा गठ्ठा आला. तिथल्या दमट हवेत मी वाकलो. बाई गेल्याचं मला आवाजांवरून कळलं. दाबाची करकर थांबली होती आणि बाहेर लोक हळू बोलत होते.

मुलगी रजा काढून आली, तेव्हा सगळ्यांचं तिला म्हणणं एकच होतं. “आता ही कार्यशाळा तूच चालव गं. आईचं नाव राहील.”

मुलीची रजा संपत आली होती. परत येणार की नाही, ते शाळेला कळवायचं होतं. ती आणि मावशी कार्यशाळेत आवरत असताना मी सापडलो. मुलीने पदराने पेटी पुसली, मला बराच वेळ पिसलं आणि तीन पानं पालथी मांडली.

“शाळा सोडून हे चालवू का?”

“तुझी आई असती तर ओरडली असती,” मावशी म्हणाली.

मुलीने ‘का’ उचलून पुढे आणला. “का चालवू?”

डावीकडचं पान उलटलं. नाण्यांची अठ्ठी. बाकावर वाकून काम करणारा कारागीर.

“आई,” ती एवढंच म्हणाली.

मधलं उलटलं. काठ्यांची दश्शी. दहा काठ्यांची मोळी कवटाळून निघालेला माणूस, त्याला पुढचा रस्ताही दिसत नाही.

“हा तर तुझा मामा. सामान एका खेपेत नेतो म्हणणारा,” मावशी म्हणाली.

मुलगी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मावशी, कुलूप लावलं तर ती खरंच गेली असं होईल. म्हणून चालवायचंय. पण मला बांधणी आवडत नाही. खळीचा वाससुद्धा नाही आवडत. मला आई आवडायची.”

मावशीने चष्मा काढून पुसला. “तिला ठाऊक होतं ते. तुला शिवायला बसवलं की निम्मी पानं उलटी शिवायचीस.”

“मी मुद्दाम करायचे असं वाटायचं का तिला?”

“छे! मुद्दाम केलं असतंस तर ती रागावली असती. तुला खरंच येत नव्हतं.”

तेवढ्यात बाईंच्या हाताखाली पुस्तकं शिवणाऱ्या काकू दारात आल्या. इथली बरीचशी पुस्तकं त्यांच्याच हातची. “बाळ, उद्या उघडायचं ना? इथल्या शाळेची पुस्तकं बांधायची पडून आहेत.”

मुलीने किल्ली उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. “काकू, उद्या उघडा आणि पुढेही तुम्हीच उघडा. कार्यशाळा तुम्ही चालवा.”

“मी? मला जमेल का?”

मावशी आणि मुलगी एकदमच हसल्या. काकूंनी जीभ चावली. त्यांनीही तो नियम वर्षानुवर्षं ऐकला होता.

तिसरं पान टेबलावर पालथंच राहिलं. मुलीने ते तसंच गोळा केलं. कोणतं होतं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ज्या पानाची गरज पडली नाही, त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

आता मी दूरच्या शहरात, मुलीच्या खिडकीशी असतो. वजनाखाली ठेवून तिने मला बरंच सरळ केलं आहे. मित्रांनो, पत्ते असोत की पुस्तकं, कोरड्या हातांनी धरा आणि दमट जागी कोंबू नका. आणखी एक मागणं आहे. कधी कधी मुलगी शाळेतून येते, मला हातात घेते आणि नुसती पिसत बसते. काही मांडत नाही, काही विचारत नाही. तुमच्या घरातही कुणी असं बसलेलं दिसेल. त्याला घाईने सल्ला देऊ नका. जवळ बसा आणि पिसू द्या.