द्राक्षाची बारा पानं

सव्वीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत यंत्राच्या भागांची ड्रॉइंग केली, आधी बोर्डवर, मग कॉम्प्युटरवर. माझ्या सहीशिवाय कागद खाली मशीन शॉपमध्ये जात नसे. त्यामुळे दिग्विजय सरांनी द्राक्षाच्या तेरा जातींच्या सचित्र ग्रंथासाठी मला पानांची चित्रं काढायला सांगितली, तेव्हा माझ्या डोक्यात जरा हवा गेली होती. कबूल करते.

सर ग्रंथाचे संपादक, ऑफिस निगडीला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जुन्या परदेशी ग्रंथांतली चित्रं दाखवली. पूर्वी चित्रकार मळ्यात बसून घड रंगवायचे. घड इतके देखणे की तोडून खावेत. पण घड वेलीवर असतो थोडे दिवस, पान कितीतरी महिने. त्यातच युरोपात वेलींना कीड लागली, बागा उपटल्या गेल्या आणि कुठली वेल कोणत्या जातीची, हे ओळखायची निकड वाढली. मग अभ्यासक पानांच्या मागे लागले. शिरांची लांबी, दोन शिरांमधला कोन, सगळं मोजून ग्रंथात मांडू लागले. ते ऐकून मी म्हणाले, सर, हे तर आमचंच काम.

नारायणगावहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं यायची आणि मी काळेवाडीला घरी बसून ती काढायचे. दोन महिन्यांत बारा जाती झाल्या. सरांनी कौतुक केलं, प्रकाशनाची पत्रिकासुद्धा छापून घेतली.

तेरावी जात भोकरी. तिचं पान उजव्या बाजूला फाटलेलं आलं. मी नेहमी उजवी बाजू मोजायचे, या वेळी डावी मोजली. सवयीनं खात्री करावी म्हणून भोकरीच्याच दुसऱ्या पानाची उजवी बाजू पाहिली, तर कोन पाच अंशांनी वेगळा. मग त्याच पानाची डावी पाहिली. ती त्याच पानाच्या उजवीशीही जुळेना.

कंपनीत दोन्ही बाजूंनी सारखा असलेला भाग आम्ही अर्धाच मोजतो. मध्यरेषा मारायची, अर्धं काढायचं, ट्रेसिंग पेपर रेषेवर दुमडून उरलेलं गिरवायचं. बाराही पानं मी तशीच काढली होती. वेलीला मी साच्यातून पडलेला भाग समजले होते. इतकी वर्षं काम करून असली चूक केली, याची मला भयंकर लाज वाटली.

सिद्धेश, माझा नवरा, म्हणाला की सरांना सांगून टाक, ते समजून घेतील. सरांनी फारच समजून घेतलं. फोनवर म्हणाले की चित्रं उत्तम आहेत, कोणी कोनमापक घेऊन बसणार नाही, आज दुपारी स्कॅनिंगला जातायत. मी म्हटलं, रोपवाटिकेतून रोपं आणणारा माणूस हाच ग्रंथ पानाशेजारी धरून जात ओळखणार, तर तो फसेल. त्यावर ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला एवढं लागत असेल तर चित्रांखालचं तुमचं नाव काढून टाकू. म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही."

हे ऐकून मात्र माझी सटकली. नाव काढलं की चूक कोणाचीच नाही आणि पुस्तक बाजारात. मी लाल पेन पर्समध्ये टाकलं आणि रिक्षानं निगडी गाठली.

फोल्डर सरांच्या टेबलावरच होतं. मी उघडलं, पहिल्या चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिहिलं, खाली तारीख, सही. सर हात धरायला आले तेव्हा मी चौथ्यावर होते.

"बाई, वेड लागलंय का? दोन महिन्यांचं काम आहे हे."

"माझं काम आहे. माझ्या नावानं चुकीचं ड्रॉइंग बाहेर जाणार नाही आणि बिननावानंही नाही."

ते म्हणाले की दुसऱ्याकडून काढून घेऊ. घ्या म्हटलं, फक्त त्याला दोन्ही बाजू मोजायला लावा. आणि माझ्याकडूनच हवी असतील तर ताजी पानं मागवा, मला आणखी दोन महिने लागतील. बाराही चित्रं संपेपर्यंत मी हात थांबवला नाही.

सर खुर्चीत बसले. पुढच्या महिन्यात प्रकाशन आहे, आता पाहुण्यांना काय सांगू, असं विचारत त्यांनी पत्रिका माझ्यापुढे सरकवली.

मी तीही ओढून घेतली, तिच्यावर 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली.