आठने नाही, दहाने

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. एक्स-रे फिल्मच्या खोक्याचे झाकण कापून मला बनवले. स्वभावाने मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या अंगावर आकडे असतात त्याला एकच धास्ती असते: आपला आकडा चुकला तर?

मला लिहिले ते यंत्रे दुरुस्त करणाऱ्या काकांनी. आमचे रुग्णालय लहानसे, डोंगरात. इथला एक्स-रे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा तर तो मोडेम नावाच्या पेटीतून टेलिफोनच्या तारेवर पाठवावा लागे. मोडेमचा वेग बिटमध्ये मोजतात, चित्राचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण काकांनी माझ्यावर सेकंदाला ९६०० बिट यासमोर १२०० नव्हे, ९६० बाइट लिहिले. खाली लाल शाईने ठसठशीत सूचना दिली: 'आठने नाही, दहाने भागा.' का, ते मात्र लिहिले नाही. त्यांच्या डोक्यात होते ना!

पुढची अनेक वर्षे एक्स-रे कधी पोहोचेल ते सिस्टर माझ्यावरून बोट फिरवून सांगत, आणि तो तेव्हाच पोहोचे. काका म्हणत, "घड्याळ चुकेल, हा चुकायचा नाही." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुठ्ठ्याला मांस कुठले, पण चढे.

मग काका निवृत्त झाले. मोडेमऐवजी नवी, वेगवान केबल आली, तिच्यासोबत एक नवे तंत्रज्ञही आले. त्यांनी मला वाचले आणि ते हसले. "आठाऐवजी दहा? काकांचा पाढा कच्चा दिसतोय!" काही दिवस माझ्यावर चहाचा पेला ठेवला गेला. नंतर मी गेलो कपाटामागे. तिथे अंधारात एकच विचार मला पोखरू लागला. काका खरेच चुकले असतील तर? इतकी वर्षे वेळा जुळत गेल्या, तो नुसता योगायोग होता का?

एके दिवशी सकाळी खोलीत धावपळ ऐकू आली. सुताराची लेक फळ्यांच्या थप्पीवरून मानेवर पडली होती. हाताची बोटे हलत नव्हती. मान नेमकी कुठे दुखावली हे कळल्याशिवाय तिला वळणांच्या रस्त्याने न्यायचे कसे? शहरातले डॉक्टर एक्स-रे बघायला तयार होते, पण बरोबर बाराला ते शस्त्रक्रियेला जाणार होते. आणि रस्ता खोदणाऱ्यांनी आदल्याच दिवशी आमची केबल तोडली होती! जुन्या मोडेमवरची धूळ झटकली गेली.

"अठरा लाख बाइट," तंत्रज्ञ म्हणाले. "सेकंदाला बाराशे. पंचवीस मिनिटं. आता अकरा तेहतीस, अठ्ठावन्नला पोहोचेल."

कपाटामागे माझा जीव टांगणीला लागला. माझ्या हिशोबाने एकतीस मिनिटे. म्हणजे बारा वाजून चार मिनिटे. ओरडावे तर तोंड नाही, आणि ओरडून मीच चुकीचा निघालो तर?

सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. "मिनिट झालं. किती गेले?"

"सत्तावन्न हजार सहाशे." तंत्रज्ञांचा आवाज बदलला. "बहात्तर हजार जायला हवे होते."

"काकांचा तक्ता कुठंय?"

"कपाटामागे टाकलाय. सिस्टर, तो चुकीचा..."

"तो चुकीचा आहे की तुम्ही, ते नंतर बघू. आधी काढा!"

मला ओढून काढले. ९६० वर चहाचा डाग होता. आकडा पुसलाच गेला होता. माझा धीर सुटला. पण लाल ओळ शाबूत होती. तंत्रज्ञांनी ती वाचली, ९६०० ला दहाने भागले, साठने गुणले. सत्तावन्न हजार सहाशे! त्यांनी पाठवणे थांबवले, चित्रातला फक्त मानेचा भाग कापला. नऊ लाख बाइट. अकरा चाळीसला पुन्हा सुरुवात झाली.

सुतार दाराशी उभा होता. "जाईल ना हो वेळेत?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितले. "जाईल. हा म्हणतोय." इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

अकरा छप्पन्नला चित्र पोहोचले. तीन मिनिटांत कार्यालयातला दुसरा फोन खणखणला. "मणका सरकलाय. मान अजिबात हलू देऊ नका. फळीला बांधून, सावकाश आणा." फळी सुतारानेच दिली.

दुपारी तंत्रज्ञांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "अरे, त्या मोडेमवर प्रत्येक बाइटच्या पुढे एक आणि मागे एक बिट राखणीला जातो. आठ आणि दोन, दहा. विचारायचंस की!" तंत्रज्ञांनी हे कारण लाल ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिले आणि मला पुन्हा भिंतीवर लावले.

मित्रांनो, जुना आकडा खोडण्याआधी तो लिहिणाऱ्याला एकदा विचारा. आणि स्वतः काही लिहाल तेव्हा त्याचे कारणही लिहून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही हो.

भीती अजून जात नाही. परवा माझा एक कोपरा भिंतीपासून सुटला आणि मी रात्रभर थरथरत होतो. सकाळी मानेला पट्टा बांधलेली एक मुलगी तपासणीला आली. तिने तो कोपरा पाहिला, आणि पाचही बोटांनी घट्ट दाबून बसवला.