खिंडीतला धावडोबा

मी एक जुना धावडा आहे. झाड आयुष्यभर फक्त देत असतं, कुणाकडून काही घेत नाही, असं मित्रांनो, तुम्ही दर वर्षी निबंधात लिहिता आणि त्याचे गुणही मिळवता. माझ्यापुरतं ते वाक्य खोडून टाका. मी एका वाडीची वाट घेतली आहे. घेतली म्हणजे तिच्यावर आडवा पडलो आहे, आणि हे सांगत असतानाही उठलेलो नाही.

धावडा तुम्ही पाहिला नसेल तर त्यात तुमची चूक नाही. आम्ही दिसायला साधेच, पण अंगाने चिवट. बैलगाडीचा आख आमचा, कुऱ्हाडीचा दांडा आमचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण ज्याच्यामुळे पडली तो आमचाच कुणी भाऊबंद असणार. आमच्या अंगातून डिंक निघतो, त्याचे लाडू बाळंतिणीला देतात. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की माझी उभी हयात अगदीच वाया गेलेली नाही. घोटाळा आडव्या हयातीत झाला.

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या वरच्या अंगाला, बालाघाट डोंगराच्या एका सोंडेवर सोंडवाडी आहे. तिथून खाली हमरस्त्याला उतरणारी पाऊलवाट एका अरुंद खिंडीतून जाते. एका बाजूला खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल घळ. घळीच्या काठावर मी उभा होतो. पूर्वी पोळा झाला की दुसऱ्या दिवशी वाडीतून घरटी एक कुऱ्हाड बाहेर पडायची. याला ‘वाट काढणं’ म्हणत. पावसाळ्यात पडलेली झाडं, निसटून आलेले धोंडे, माजलेली घाणेरी, सगळं बाजूला सारलं जायचं आणि मग माझ्या सावलीत गूळ-शेंगदाणे व्हायचे. एखादा म्हातारा माझ्या खोडावर थाप मारून म्हणायचा, “ह्यो हाय तंवर खिंडीला भ्या न्हाई.” मित्रांनो, आयुष्यात माझी जी काही स्तुती झाली ती एवढीच, आणि तीही खोटी ठरली.

पुढे डोंगराच्या मागून डांबरी रस्ता आला. तो लांबून जातो, पण मोटारसायकल दमत नाही. पुरुष तिकडून जाऊ लागले. पाऊलवाट बायकांची उरली, आणि ज्या वर्षी ती फक्त बायकांची उरली त्याच वर्षी पोळ्यानंतरच्या कुऱ्हाडी घरात राहिल्या. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. प्रत्येक घराला वाटायचं, शेजारची कुऱ्हाड गेली असेल.

माझ्या मुळांना वाळवी लागली होती; पोळ्यानंतर कुऱ्हाडी आल्या असत्या तर ती कुणाच्या तरी नजरेस पडली असती. यंदा भाद्रपदात एका दुपारी वावटळ उठली आणि मी गेलो. तोल सावरणं माझ्या हातात नव्हतं, हे मान्य. पण घळ शेजारीच होती. अख्खी घळ मोकळी असताना मी खडकाच्या बाजूला पडलो. शेंडा भिंतीच्या कपारीत अडकला, बुंधा जागच्या खुंटावर राहिला, आणि खोड वाटेवर बाईमाणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर आडवं झालं. वाकल्याशिवाय पलीकडे जाता येईना.

दुसऱ्या दिवशी वनमाला आली. वनमाला डोंगरातली सीताफळं गोळा करते आणि टोपलं डोक्यावर घेऊन हमरस्त्याला विकायला नेते. तिची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माझा अपराध नीट कळेल. दिवाळीच्या सुमाराला वाडीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. तिकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. वनमाला लग्न झाल्यापासून दर साल अर्धा कोयता म्हणून गेलेली. यंदा मात्र तिने मुकादमाला सांगून टाकलं होतं, “आमचे मालक येतील, मी न्हाई. पोरगी बारावीला हाय.” पोरीचं नाव शिवकन्या. आई उसाच्या फडात आणि पोर वाडीवर, असं तिचं अख्खं लहानपण गेलेलं. हे एक वर्ष तरी आईने घरी राहावं, असा दोघींचा करार होता. नवऱ्याची अट एकच होती, की तिच्या अर्ध्या कोयत्याची भरपाई सीताफळांनी करावी.

मला पाहून वनमाला थांबली. “मेल्या, हितंच पडायचं व्हतं व्हय तुला?” असं म्हणाली. मग तिने डोक्यावरचं टोपलं अलगद माझ्या खोडावर सरकवलं, खालून वाकून पलीकडे गेली, चुंबळ नीट केली आणि टोपलं परत डोक्यावर ओढून घेतलं. भरलेलं टोपलं जमिनीवरून एकट्या बाईला उचलता येत नाही, पण माझ्यावरून आलं. उलट तेवढाच मानेला विसावा मिळाला. आपण वाटलं होतं तितके वाईट पडलेलो नाही, असं मला वाटलं. तो समज चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी बद्रीनाथ आला. हा वनमालाचा चुलत दीर आणि वाडीतला होतकरू पुढारी. होतकरू म्हणजे दोनदा निवडणूक हरलेला. त्याचं नवं घर चाललं होतं आणि त्याला दाराच्या चौकटीसाठी लाकूड हवं होतं. त्याने मला वीतवीत मोजलं. मशीनची करवत आणायला दोन दिवस लागणार होते आणि तेवढ्यात शेजारच्या वाडीने मला पळवलं तर काय, ही काळजी होती. मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, तेलात कालवलेला शेंदूर बोटांवर घेतला आणि माझ्या खोडावर फासला. जरा लांब होऊन पाहिलं, आणखी एक बोट ओढलं आणि निघून गेला. लाकडाला कुलूप लावायची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. फक्त त्याची किल्ली नसते.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई आली. भिवराबाई म्हणजे वनमालाची सासू. सरपणाची मोळी घेऊन येता येता तिने मला पाहिलं आणि मोळी टाकून हातच जोडले. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे नारळ होता. दोन दिवसांनी माझं नाव धावडोबा पडलं होतं. बद्रीनाथ करवत घेऊन आला तेव्हा सहा बाया फुलं वाहत होत्या. त्याने करवत पाठीमागे धरली, नमस्कार केला आणि आल्या वाटेने परत गेला.

देव झाल्यावर पहिला नियम भिवराबाईने केला आणि तो सुनेला सांगितला. “आता ह्याच्यावर वझं टेकवायचं न्हाई. देव हाय त्यो.”

मग वनमालाचे हाल सुरू झाले. अलीकडे टोपलं भुईवर उतरवायचं, खालून पलीकडे ढकलायचं, आपण वाकून जायचं, आणि मग टोपल्याशेजारी बसून राहायचं. कुणीतरी येईल, हात लावील, तेव्हा ते डोक्यावर चढेल. वाटेवर माणूस येतं किती? आणि सीताफळाने पिकून एकदा डोळे उघडले की ते कुणासाठी थांबत नाही. ती हमरस्त्याला पोचायची तेव्हा सकाळच्या गाड्या निघून गेलेल्या असायच्या आणि टोपल्यातली वरची फळं मऊ पडलेली. मी तिच्या डोक्यावर आडवा होतो आणि नाकाला उदबत्तीचा धूर लागत होता. मित्रांनो, नारळ फुटतोय आणि समोर बाई ताटकळतेय, अशा वेळी देवाला कसं वाटतं हे मला ठाऊक नाही. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी बीडहून डोंगर चढायला आलेला जथा खिंडीत पोचला. म्होरक्या विजयसिंह सर, कॉलेजात भूगोल शिकवतात. त्यांच्या पाठीवर पाण्याची नळी असलेली पिशवी होती. मला पाहून ते खूश झाले.

“बघा, नैसर्गिक अडथळा. वाटेची फार देखभाल नाही, हीच तर मजा. मावशी, तुम्ही रोज ट्रेक करता?”

“न्हाई सर,” टोपल्यापाशी बसलेली वनमाला म्हणाली. “सीताफळं इकाया जाते.”

“तोच ट्रेक हो! म्हणून तर तुमच्याकडे गुडघे दुखत नाहीत.”

“दुकत्यात की. पर सांगायचं कुणाला?”

सगळे एकेक करून माझ्याखालून गेले. एकाचं डोकं मला आपटलं, त्याने आधी शिवी दिली आणि शेंदूर दिसल्यावर परत घेतली. दोघांनी टोपल्याला हात लावला आणि दोघेही एकदम म्हणाले, “बाप रे!” तेवढी एक सकाळ तिचं निभावलं. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

बद्रीनाथ त्या वाटेला फिरकत नव्हता. लाकूड बघवत नव्हतं की वहिनी, ते त्यालाच माहीत. एकदा मात्र सकाळी तो पायी आला. वाळवी किती वर चढली आहे ते बघायला आला असावा. वनमाला टोपल्याशेजारी बसलेली. फुटलेल्या दोन सीताफळांवर माशा.

“वैनी, हितं का बसलाव?”

“देवाच्या राखणीला.”

त्याने टोपल्याला हात लावला, पण उचललं नाही. खाली बघत म्हणाला, “वैनी, ह्यो शेंदूर मी लावला. चौकटीसाठी.”

“ठाव हाय.”

“ठाव हाय? कवापासून?”

“त्याच सांच्याला. तुमच्या घरी पितराच्या जेवणाला बसलो व्हतो. तुमच्या नखात शेंदूर व्हता, अन् तुमी दाळ वाढत व्हता.”

“मग बोललाव का न्हाई?”

“देव करायला तुमी, अन् मोडायला मी? बाईनं देव मोडला तर गाव मला काय म्हणंल, भावजी? ज्यानं केला त्यानं मोडावा. उचला आता, लई येळ झाला.”

त्या संध्याकाळी बद्रीनाथने पारावर माणसं गोळा करून सगळं सांगून टाकलं. हे मला नंतर बायांच्या बोलण्यातून कळलं. पुढाऱ्याने स्वतःहून खरं बोलण्याचा हा वाडीतला पहिलाच प्रसंग असल्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही.

मेंढरं राखणारा म्हाळू म्हणाला, “बे बद्री, दोनदा तू पडला. आता देवाला पाडतो व्हय?”

“आरं, शपथ घेतो! मीच लावला! चौकट करायची व्हती मला!”

“अन् ही चौकटीची बुद्धी तुला कुणी दिली?” भिवराबाईने विचारलं.

“कुणी न्हाई. माझ्या डोक्यात आली.”

“आजवर तुझ्या डोक्यात आपल्याआप काय आलंय का रं? त्याला परगट व्हायचं व्हतं, म्हणून तुझा हात धरला त्यानं.”

ते सगळ्यांना पटलं. देवाने ज्याचा हात धरला तो माणूस म्हणून नवरात्रातली माझी पहिली आरती त्याच्याकडे आली. आरती झाल्यावर सगळे पांगले तरी तो थांबला. कपाळ माझ्या सालीला टेकवून “माफ कर” म्हणाला. मी देव असतो तर केलं असतं. लाकूड असल्यामुळे गप्प राहिलो. तो त्याच्या अपराधात, मी माझ्या, आणि मध्ये निरांजन.

कोंडी फुटली ती दसऱ्यानंतर. वनमाला पुढे आणि भिवराबाई मोळी घेऊन मागे, अशा दोघी खिंडीत आल्या. वनमाला माझ्यासमोर थांबली. टोपलं भुईवर न ठेवता तिने ते सरळ माझ्या खोडावर सरकवलं, शेंदराच्या अगदी शेजारी.

“देवा, धर जरा,” ती म्हणाली.

“अगं ए, अगं!” भिवराबाई ओरडली. “देवावर वझं?”

“मग वझं कुणावर टाकायचं असतंय, आत्याबाई? रोज म्हणता ना, देवावर भार टाक. टाकला.”

भिवराबाईच्या डोक्यावर मोळी होतीच. मान दुखत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, “सरक वाईच.” आणि मोळी टोपल्याशेजारी टेकवली.

मित्रांनो, माझ्या आडव्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण. तेव्हापासून सगळ्याच बाया ओझं माझ्यावर टेकवू लागल्या. पण सीताफळांचा भरातला काळ तोपर्यंत सरला होता. तो काळ मी खाल्ला होता, नारळाबरोबर.

दिवाळी झाली आणि कारखान्याचे ट्रॅक्टर आले. ते डांबरी रस्त्याने येतात, त्यामुळे मला दिसले नाहीत, फक्त आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी शिवकन्या एकटीच वाटेने आली. तिच्या पाठीवर दप्तर होतं. मागून भिवराबाई आली आणि माझ्यापुढे पदर पसरून रडायला लागली. सून कोयत्यावर गेली होती. अर्धी नाही, पूर्ण गेली होती, भांडीकुंडी घेऊन.

तेव्हापासून मी पडल्या पडल्या हाच विचार करतो आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, माझ्याकडे फांद्या उरल्या आहेत तोवर. पोळा झाला की कुऱ्हाड घेऊन बाहेर पडा आणि शेजारी गेला असेल असं समजू नका. वाटेवर झाड पडलेलं दिसलं तर आधी ते बाजूला करा, नमस्काराचं नंतर बघू. उभ्या झाडाच्या मुळाशी वाळवी दिसली तर त्याला तेव्हाच सांभाळा. पडल्यावर आम्ही कुणाच्या कामाचे उरत नाही आणि कुणाकुणाचं आयुष्य अडवून बसतो. आईला घरी राहायचं असेल आणि मध्ये एक ओंडका असेल, तर त्या ओंडक्याला काय वाटतं याचा विचार करा. मी वनमालाचं वर्ष बुडवलं, आणि ते मला माझ्या राखेपर्यंत पुरेल.

हेच भिवराबाईही त्या सकाळी म्हणत होती. “धावडोबा, माझ्या सुनेचा हंगाम बुडवलास रं तू. माझ्याच तोंडानं मी तुला देव केला.”

शिवकन्याने दप्तर सावरलं आणि वाकून पलीकडे गेली.

“उगं कशाला रडतीस, आजी?” ती तिकडून म्हणाली. “यंदा सीताफळाला भावच नव्हता.”