तिघांचं रक्त

सहा महिने मी माझ्या मावसबहिणीला एकच सांगत होते, पूजिता, थोडी कळ काढ, आमचा विषाणू येतोय. विषाणूची अशी वाट बघणारी ती जगात एकटीच असेल. ल्यूपसने तिची मूत्रपिंडं खायला घेतली होती. ऊन सोसेना म्हणून बन्नूरच्या शाळेतली नोकरी सुटली होती. आणि आमच्या चाचणीसाठी रुग्णालयाने केलेल्या यादीत पहिलं नाव तिचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आहे. ल्यूपसमध्ये शरीराचं रक्षण करणाऱ्या बी पेशीच घरभेदी होतात. त्यांना मारायला टी पेशींना शिकवायचं, आणि तो धडा पोहोचवायला विषाणू वापरायचा. त्याचा रोग काढून टाकलेला, आणि कवचावर अशी कडी बसवलेली की तो फक्त टी पेशींनाच चिकटेल. चुकून बी पेशीत शिरला तर घात. जिला मारायचं तिलाच तो लपायला मदत करतो, आणि मग टी पेशींना ती दिसतच नाही. म्हणून प्रत्येक प्रयोग तीन वेगळ्या माणसांच्या रक्तावर करायचा, असा नियम. एकाच्या रक्तात शहाण्यासारखा वागलेला विषाणू दुसऱ्याच्या रक्तात काय दिवे लावेल, सांगता येत नाही.

आमचे तिन्ही निकाल सुरेख आले होते. अनुरागने सगळ्यांना जेवायला नेलं. अनुराग आमचा प्रमुख, पुण्याहून आलेला, आणि मी तोंड उघडलं की ‘तुमचं म्हैसूरचं मराठी किती गोड’ म्हणणारा.

मागच्या मंगळवारी मी चाचणीला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीसाठी फाइल लावत होते. रक्तदात्यांचे फॉर्म हातात आले. दुसरा दाता, संकर्षण राव, सकाळी पावणेनऊ. तारीख बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आषाढातली पहिली एकादशी!

संकर्षणमामा आमचं स्टोअर सांभाळतात, आणि आमच्याच मठातले आहेत. मी तशीच खाली गेले.

“मामा, प्रथम एकादशीला तुम्ही रक्त दिलंत?”

“अय्यो, एकादशीला मी थुंकी गिळत नाही, रक्त कुठनं देऊ? सुम्ने उगी कायतरी विचारू नको. त्या दिवशी मुद्रा घ्यायला मठात माझ्या मागे लायनीत कोण होती? तूच अल्ला, तूच ना?”

मीच होते. तापवलेली शंखचक्रं दंडावर टेकवून घ्यायला आम्ही दोघं साडेसातपासून दहा वाजेपर्यंत रांगेत उभे होतो. दोघांनीही अर्धी रजा टाकली होती.

मी अनुरागला काही बोलले नाही. नर्सला सांगून मामांचं आणि माझं रक्त काढून घेतलं आणि त्यात विषाणू सोडला. तो शिरलेल्या पेशी मशीनमध्ये हिरव्या चमकतात. चौथ्या दिवशी मामांच्या शंभरातल्या नऊ बी पेशी हिरव्या होत्या. माझ्या सहा. एकही असायला नको होती.

मी दार न ठोठावता अनुरागच्या खोलीत गेले आणि कागद टेबलावर आपटले.

“ती तीन रक्तं कोणाची होती?”

त्याने कागद पाहिले. चेहरा उतरला, पण आवाज नाही. “माझं. तिन्ही वेळेला. अगं, कोणी द्यायलाच येत नाही. एकाला मीटिंग, एकाला सुई बघून चक्कर. तारीख जवळ आली होती.”

“मग औषध तुला एकट्यालाच टोच की! आणि नाव मामांचं घातलंस? एकादशीला?”

“त्यात काय? आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन लोक रक्तदान शिबिराला जातात.”

“आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत! सात वर्षं झाली तुला इथे येऊन. खाली स्टोअरमध्ये बसणारा माणूस कोणत्या दिवशी जेवत नाही, एवढंही तुला दिसलं नाही?” मी ओरडत होते. बाहेर सगळे थांबले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मामांचं नाव खोटंच घालून माझ्या बहिणीच्या शिरेत हा माणूस आंधळा विषाणू सोडणार होता.

अनुरागने शांतपणे तो फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि खाली बोट ठेवलं.

“रक्त माझ्यासमोर काढलं, असं लिहिलंय. ही सही कोणाची? तू तर मठात होतीस.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणणार होते, पण सही माझी होती. दर शुक्रवारी संध्याकाळी फॉर्मांचा गठ्ठा यायचा आणि मी बसची वेळ बघत सह्या ठोकायची. तिन्ही फॉर्मांवर मीच साक्षीदार.

“हे बाहेर गेलं तर कवच नव्याने बनवावं लागेल. दोन वर्षं,” तो म्हणाला. “यादीत पहिलं नाव कोणाचं आहे, तुला माहीत आहे. नऊ टक्केच आहेत. कदाचित तिच्यात होणारही नाही. विचार कर.”

त्याला तिथेच झोडपावंसं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मी विचार केला. खुर्चीत बसून, चांगला केला. मग माझ्या जागेवर जाऊन समितीला मेल लिहिली. त्यात त्याचं नाव, माझं नाव आणि दोन्ही नवे निकाल घातले.

तिथून थेट पूजिताकडे गेले. ती पडदे ओढून बसली होती. पाय सुजलेले. मी सगळं सांगितलं, सहीसकट.

“दोन वर्षं म्हंजे डायलिसिस,” ती म्हणाली.

“हो.”

“तू ती मेल नसती पाठवली तर पुढल्या महिन्यात मला मिळालं असतं?”

“हो.”

“आणि वाचले असते?”

“माहीत नाही, पूजी. कोणालाच माहीत नाही. तेच तर सांगतेय.”

“सहा महिने तू सांगितलं आणि मी ऐकलं. कागद वाचायचा सोडून सही करणारी तू!” तिचा आवाज चढला. “त्या पुण्याच्या माणसाला मी ओळखत नाही. त्याला काय बोलू? तुला बोलते. कुठं जाऊ नको, बस इथं.”

मी बसले. तिने सुरुवात केली. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, आमच्या घरात मोठ्यांसमोर कोणी उच्चारत नाही असे शब्द. मावशी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. धाप लागली की पूजिता थांबायची, पाणी प्यायची, आणि पुन्हा सुरू करायची. तिसऱ्यांदा भांडं रिकामं झालं तेव्हा मी उठून भरून आणलं आणि पुन्हा तिच्यासमोर बसले.