बल्ब संपले म्हणायचं होतं

आमच्या दुकानात सिनेमा! आठ दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. वायर, होल्डर, सेल, बल्ब विकणाऱ्या आमच्या एवढ्याशा दुकानात कॅमेरा येईल असं लग्नात मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गोष्टही साधीच. एक एकटा मुलगा रोज टॉर्चचा एक बल्ब घ्यायला म्हाताऱ्या दुकानदाराकडे येतो. बल्ब हे आपलं निमित्त. घरी त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. दुकानदाराचं काम करणारा नट पहिल्याच दिवशी आमच्या शिडीवरून घसरला, पाय टम्म सुजला, आणि दिग्दर्शिकेची नजर कोपऱ्यात सुतळी गुंडाळत बसलेल्या माझ्या सासऱ्यांवर पडली. ते आधी लाजले, मग नवा सदरा मागितला. काम मात्र झकास केलं! आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं ना.

घोडं अडलं शेवटच्या दिवशी, शेवटच्या प्रसंगाला. मुलाला बल्ब नकोच होते, त्याने आपल्याला थापा मारल्या हे दुकानदाराला कळतं, तो चिडतो आणि मागच्या फळीवर बल्बचा खोका दिसत असताना तोंडावर सांगतो, "संपले. जा." मुलगा रडत निघून जातो. एवढंच.

मुलाने विचारलं, "आजोबा, टॉर्चचा बल्ब आहे?"

"दोन सेलचा की तीन सेलचा?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळे खो खो हसले. दिग्दर्शिका हसत हसत म्हणाली, "काका, संपले म्हणायचंय."

"पण आहेत की."

"सिनेमात नाहीयेत हो!"

"अगं बाई, खोका समोर दिसतोय. बघणारे मला काय म्हणतील?"

पुन्हा घेतला. या वेळी तोंडाने "संपले" म्हणाले, पण हात गेला खोक्याकडे. तिसऱ्यांदा बल्ब काढून पेटतो का तेही तपासलं. सहाव्या वेळेपर्यंत कुणीच हसेना. मला मात्र त्यांचा राग येईना. या माणसाने चाळीस वर्षांत माल असताना "नाही" म्हटलेलं नाही. माल नसला तर गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून हे स्वतः दुसऱ्या दुकानातून आणून देतात. मी किती वेळा डोकं आपटलंय!

त्यात तो पोरगाही रडेना. दहा वर्षांचा असेल. सकाळी गाडी सोडून जायची, संध्याकाळी न्यायला यायची. मधल्या वेळात वायरच्या रिळावर बसून एकटाच डबा खायचा. आठ दिवसांत तो आणि सासरे लिहून दिलेल्या वाक्यांपलीकडे एक शब्द बोलले नव्हते. दोघेही महालाजाळू. आता त्याच्या डोळ्यांत औषध घालून घालून डोळे लाल झाले, पण पाणी काही येईना.

"पाचला कॅमेरा परत जाणार," दिग्दर्शिका माझ्याशेजारी येऊन पुटपुटली. "आज झालं नाही, तर माझ्या सिनेमाला शेवटच नाही." घड्याळात साडेचार झाले होते.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला!

"बाबा, मागे जाऊन चहा घ्या बरं," मी म्हणाले. ते आत वळले मात्र, मी स्टुलावर चढले. खोक्यातले सगळे बल्ब पिशवीत ओतले. गल्ल्याखालचा जादा माल काढला. काचेतला नमुन्याचा बल्बसुद्धा सोडला नाही. रिकामा खोका होता तिथे ठेवला आणि पिशवी पोटाशी धरून मागच्या दाराआड उभी राहिले. बाबा चहा पिऊन गल्ल्यावर परतताच, "घ्या एकदा," मी दिग्दर्शिकेला खुणावलं. का, ते सांगितलं नाही.

मुलगा आला. "आजोबा, टॉर्चचा बल्ब आहे?"

सासऱ्यांचा हात सवयीने खोक्यात गेला. तिथेच थांबला. त्यांनी खोका खाली घेतला, उलटा केला. गल्ल्याखाली वाकले, चाचपलं. काचेकडे पाहिलं. मग हळूच वळले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला धावत जाऊन पिशवी त्यांच्या हातात द्यावीशी वाटली.

"नाही रे, बाळा," ते म्हणाले. "संपले."

राग कुठला आलाय! त्यांना लाज वाटत होती. मुलाने आता निघून जायचं होतं. तो जागचा हलला नाही. दिग्दर्शिकेने ओठ घट्ट मिटले होते, कॅमेरा चालूच होता.

"मी उद्या येऊ?" मुलाने विचारलं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ये. नक्की ये. मी आणून ठेवतो."

"पण उद्या शूटिंग नाहीये."

"मग काय झालं? दुकान तर आहे."

पोराचा ओठ थरथरला, आणि इतका वेळ औषधालाही न बधलेले डोळे घळाघळा वाहायला लागले. सासरे गडबडले. गल्ल्याची फळी उचलून बाहेर आले, नव्या सदऱ्याच्या बाहीने त्याचं नाक पुसलं.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. मग जोरात, "कट! मिळालं, मिळालं!" लोक टाळ्या पिटायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली, ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि पिशवीतला एक बल्ब फटकन फुटला. त्या दोघांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

"किती वाजता उघडता?" मुलगा हुंदके देत विचारत होता.

"आठला," सासरे म्हणाले. "पण तू साडेसातला आलास तरी मी असेन."