रेड्यासाठी काडतूस

इंग्लंडात हॅरोचे डॉक्टर शशिकांत बापट भूल देण्यात पटाईत आणि रीडिंगचे डॉक्टर विष्णू घाटगे हाडं जोडण्यात. ऑपरेशन थिएटरमध्ये जमलेली ही मैत्री पुढे रायफल क्लबात मुरली. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात दोघं झिंबाब्वेला रानरेड्याच्या शिकारीला निघणार होते. दोघांत मिळून एकच रायफल न्यायची होती, आणि तिथेच माशी शिंकली.

काडतूस कुठलं? घाटगे म्हणत, थ्री सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम. आजोबांच्या काळापासून ते रेडे लोळवत आलंय. बापट अडून बसले, फोर फिफ्टी-एट मॅग्नमच. त्यातली गोळी करंगळीएवढी जाड, आणि खांद्याला बसणारा धक्का गाढवाच्या लाथेसारखा. खरं दुखणं वेगळंच होतं. घाटगे कोल्हापूरचे, शिकार त्यांच्या घराण्यात. बापटांकडे झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडत. आपल्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून बापटांना मोठंच काडतूस हवं होतं. पण जखमी रेडा उलटून अंगावर येतो, हेही त्यांनी वाचलं होतं. आपला नेम चुकला तर विष्णूचाही जीव जाईल, ही भीती त्यांना होती.

रविवारी क्लबने दोन्ही रायफली चालवून बघायला दिल्या. फोर फिफ्टी-एटच्या सगळ्या गोळ्या बापटांनी निशाणाखालच्या मातीत घातल्या आणि खापर वाऱ्यावर फोडलं. मग घाटग्यांनी स्वतः रायफल तयार करून त्यांच्या हातात दिली. बापटांनी चाप ओढला. नुसतं टिक झालं. घाटग्यांनी काडतूस भरलंच नव्हतं, तरी बापटांचे डोळे गच्च मिटले होते, खांदा मागे सरला होता आणि नळी खाली झुकली होती.

बापटांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धक्क्याच्या नुसत्या धास्तीने आपण नेम घालवतो, हे मित्राने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी थ्री सेव्हन्टी-फाइव्ह उचलली, घाटग्यांना दिसणार नाही अशा बेताने काडतूस आत सारायचा बोल्ट नुसताच मागेपुढे केला आणि त्यांच्यापुढे ठेवली. कोल्हापूरचे वारसदार ऐटीत बसले, चाप ओढला. टिक. त्यांचेही डोळे मिटलेले, नळी खाली.

घाटग्यांनी रायफल खाली ठेवली. "शशी, खरं सांगू? शिकार आजोबा करायचे. मी मेलेले तित्तर गोळा करायचो. दॅट्स ऑल."

बापटांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. एका माळेचे दोन मणी इतके हसले की क्लबच्या देखरेख अधिकाऱ्याने लांबून डोळे वटारले. हसू आवरल्यावर बापटांमधला भूलतज्ज्ञ जागा झाला.

"डोस रेड्याच्या वजनावर नको, आपल्या काळजावर काढू या," ते म्हणाले. "थ्री सेव्हन्टी-फाइव्हच घे. आणि निघेपर्यंत दर रविवारी मला रायफल तू द्यायचीस, तुला मी. भरलीय की रिकामी, ते सांगायचं नाही."

"फेअर इनफ," घाटगे म्हणाले. "ज्याचे डोळे आधी उघडे राहतील, पहिली गोळी त्याची. दुसऱ्याने मागे उभं राहायचं, पण पळायचं नाही."