खाली घसरलेले पत्ते

डॉक्टरीणबाईंचं अक्षर फक्त कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला वाचता येई. गेल्या वर्षी त्यांनी वडिलांच्या वेलावरच्या घेवड्याचं बी पाकिटांत भरलं, स्वतःच्या हातानं पत्ते घातले आणि बागवाल्या मैत्रिणींना धाडलं, एक औषधवाल्यालाही. सगळी पाकिटं परत आली. औषधवाल्याचं तेवढं पोचलं. त्याच्याकडे बाग नव्हती. जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं त्यानं फोन करून विचारलं.

यंदा कुंपणावरचा तो वेल किडीनं गेला. उरलं मूठभर बी. पेरणीआधी ते दुसऱ्यांच्या कुंपणांपर्यंत पोचलं नाही, तर वडिलांचा घेवडा संपलाच म्हणायचा. नवरा जनावरांचा डॉक्टर, म्हणजे अक्षराच्या बाबतीत तिकडूनही आशा नव्हती. म्हणून प्रिंटर आला, पत्त्यांच्या स्टिकरचे कागद आले, आणि पत्ते खाली घसरू लागले. प्रत्येकीचं गाव खालच्या स्टिकरवर, दुसरीच्याच डोक्यावर जाऊन बसे.

"कधीपासून होतंय असं?" बाईंनी सवयीनं प्रिंटरलाच विचारलं.

"तो बोलला तर मला उठव," नवरा कोचावरून म्हणाला.

"तुमचे पेशंट तरी कुठे बोलायचे?"

"म्हणून तर माझी प्रॅक्टिस शांत चालली."

बाईंनी तपासणी सुरू केली. कंप्युटरवर छपाईच्या चौकटीत 'पानात बसवा' अशी एक खूण सापडली, ती काढली. पत्ते किंचित मोठे झाले आणि जास्त ठसठशीतपणे चुकले. कागद धरणाऱ्या पट्ट्या घट्ट केल्या. फरक शून्य. मग त्यांना खरी उत्सुकता चढली. निदान होत नाही म्हटलं की त्यांची भूक मरायची आणि डोळे चमकायचे.

त्यांनी तेच पत्ते साध्या कागदावर छापले आणि पट्टीनं मोजले. सगळं जिथल्या तिथे! तो कागद स्टिकरच्या कागदामागे ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. वरच्या कडा जुळवल्या, तर खाली साधा कागद बोटभर बाहेर डोकावत होता.

"अहो, प्रिंटर ठणठणीत आहे. हे कागदच तोकडे आहेत!" मग आतल्या खोलीकडे वळून त्या म्हणाल्या, "वन्सं, या कागदांना तुम्ही हात लावलात?"

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. जन्म शिवणकामात गेलेला. हल्ली हात थरथरायचा, पेन धरवत नसे, पण कात्री आली की तोच हात दगडासारखा स्थिर.

"हात कशाला लावू? कात्री लावली," त्या दारात येऊन म्हणाल्या. "वर मोकळी जागा ही एवढी, खाली जेमतेम. कुणी बेतलं होतं कोण जाणे! वरून सारखं करून दिलं. सगळे एकदम कापलेत हो, एकही कमीजास्त नाही."

"पत्त्यांना अस्तर नाही लावलंस, हे नशीब," नवरा म्हणाला.

"तू झोप रे."

बाई रागावल्या नाहीत. रोग सापडल्याच्या आनंदात रागाला जागाच नव्हती. "वन्सं, कापलेला तुकडा टाकलात?"

"चिंधी टाकणारी बाई दिसते का मी तुला?" वन्संनी बिस्किटांच्या डब्यातून कागदाची पट्टी काढली, तिला मोजायची टेप लावली. "दीड सेंटीमीटर. लिही."

बाईंनी कंप्युटरवर वरचा समास तेवढाच कमी केला. आधी साध्या कागदावर छापून पुन्हा काचेवर धरून पाहिलं. तिघांनीही माना वाकवल्या. नवरासुद्धा उठून आला होता. मग स्टिकरचा कागद आत गेला आणि प्रत्येक गाव आपापल्या माणसाखाली येऊन बसलं.

"मी कापलं म्हणून जमलं," वन्सं म्हणाल्या.

टपाल कचेरी बंद व्हायच्या आत बाई खिडकीपाशी पोचल्या. आतल्या कारकुनानं पहिल्या पाकिटावरचा पत्ता सहज मोठ्यानं वाचला. बाईंनी त्याला तो पुन्हा वाचायला लावला. असे सगळे वाचून झाल्यावर शेवटच्या पाकिटाशी तो अडला.

"हे हातानं लिहिलंय का?"

"ते असू द्या. आमचा औषधवाला आहे," बाई म्हणाल्या. "त्यानं कुंडी घेतली आहे."